आईची जपमाळ आणि ढोबळी मिरची

ख्रिस्तवाडी, ता. श्रीरामपूर,
जि. अहिल्यानगर (हात सवयीनं जुनं नाव लिहायला निघाला होता, त्याला आवरलं आहे).
गुरुवार.

चि. शिल्यास (घराच्या नात्यानं) आणि आदरणीय फादर सिल्वेस्तर यांस (देवळाच्या नात्यानं),

आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही पाठवतो आहे. पत्र फोडताना तुझ्यातला जो जागेवर असेल त्यानं आपापलं घ्यावं. दीक्षेच्या दिवशी मी तुझ्या हाताचं चुंबन घेतलं होतं आणि त्याच हातावर लहानपणी पट्टीही मारली होती. त्यामुळे तुला पत्र लिहिताना दरवेळी मला पहिल्या ओळीतच घाम फुटतो. तुझा गुडघा कसा आहे? वेदीपुढे गुडघा टेकवताना तू आधी बाकाला धरतोस असं इथे कानावर आलं. मलम पाठवलं आहे. आम्ही खुशाल आहोत. माझी साखर काबूत आहे. रक्तदाब अर्ज भरल्यापासून वर आहे. तुझी वहिनी सत्यशीला हिची प्रकृती उत्तम आहे. ती इतकी शांत मी आजवर पाहिली नव्हती. त्याविषयी पुढे येईलच.

फोन का केला नाही असं तू विचारशील. मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागतो आणि मग तू नाशकात बोललेलं आख्ख्या गल्लीला ऐकू जातं. निवडणुकीच्या दिवसांत हे परवडणार नाही. म्हणून हे पत्र. सिस्टरांची जीप उद्या नाशिकला निघते आहे, तिच्याबरोबर ते तुझ्या हाती पोचेल, आणि परवा शनिवारी तू आमच्या फादरांच्या बदली इथे रविवारच्या मिस्सेच्या उपासनेसाठी येशील, त्याआधी वाचून होईल.

तर, दोष तुझा आहे. मी निवृत्त झालो तेव्हा लोकांनी मला शाली दिल्या. तू मला ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीचं जाडजूड पुस्तक दिलंस. शाल माणूस कपाटात ठेवतो. पुस्तक मी वाचलं. त्यात सगळ्यांच्या हिताविषयी, गरिबाच्या पहिल्या हक्काविषयी, सद्सद्विवेकाविषयी इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की मला ते माझंच वाटू लागलं (मराठीच्या मास्तराला चांगली वाक्यं स्वतःची वाटतात, हा या पेशातला जुना आजार). मग उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाल्यावर मी देवळाच्या पडवीत अभ्यासवर्ग सुरू केला. सिस्टर यायच्या. वर्ग संपल्यावर चहा असल्यामुळे बायकाही यायच्या. सायमनबाबा भिंतीला टेकून झोपायला यायचे. सत्यशीला पुढच्या ओळीत बसायची, आणि हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

एका शुक्रवारी मी सांगत होतो की राजकारण घाण आहे असं म्हणून भाविकानं बाहेर उभं राहणं बरोबर नाही, लोकशाहीत त्यानं उतरलं पाहिजे, काम केलं पाहिजे, बोललं पाहिजे. मराठीत या वाक्यांना कर्ता लागत नाही, म्हणून ती व्यासपीठावर फार सोयीची असतात. मी थांबलो. तेवढ्यात सायमनबाबांनी डोळे न उघडताच विचारलं, "मंग सर, तुमी कधी उतरताय?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हसलो. ते हसणं होकार म्हणून गावभर गेलं. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं मला भावी सदस्य म्हणून हाक मारली, आणि खरं सांगतो शिल्या, ती मला वाईट वाटली नाही.

अशा रीतीनं मी ग्रामपंचायतीला उभा आहे. आमच्या वॉर्डात अर्धी ख्रिस्तवाडी आहे आणि अर्धी कालव्यापलीकडची वस्ती. ती माणसं पाथर्डीकडून ऊसतोडीला येत आणि हळूहळू इथेच राहिली. माझ्याविरुद्ध त्या वस्तीतल्या मनकर्णाबाई आहेत. त्या बचतगटाच्या अध्यक्षा. त्याच गटात तुझी वहिनी सचिव आहे. मनकर्णाबाईंनी मागच्या उन्हाळ्यात तहसीलच्या पायरीवर ठाण मांडून वस्तीला टँकर आणवला आणि पहिली फेरी ख्रिस्तवाडीकडे वळवली, कारण आपली विहीर आधी आटली होती. त्या वेळी मी पुस्तकातल्या एकजुटीच्या प्रकरणाची टिपणं काढत होतो. टिपणं चांगली झाली आहेत.

त्यांना चिन्ह मिळालं कपबशी. मी पुस्तक मागितलं होतं, नाहीतर कंदील. मला मिळाली ढोबळी मिरची. ती चिन्हांच्या यादीत असते हे मला माहीत नव्हतं आणि तुलाही नसणार. आता मी सद्सद्विवेकावर बोलतो आणि माझ्या मागे फलकावर एक मोठी हिरवी मिरची असते. पोरं मला पाहून शेपू, कोथिंबीर असं ओरडतात. एका म्हातारीनं तर थांबवून भाव विचारला.

पहिली सभा मी कालव्यापलीकडे घेतली. पुस्तकात दुर्बल लोकांकडे आधी जा असं आहे, म्हणून. (इथे पुस्तक म्हणजे तू दिलेलं, मी मागितलेलं चिन्ह नव्हे.) जे काम खालच्या माणसांना करता येतं ते वरच्यांनी हिसकावून घेऊ नये, हे तत्त्व मी त्यांना फार सोपं करून सांगितलं. उदाहरणं दिली. गोजरबाई म्हणून एक आजी पुढे बसल्या होत्या. त्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "लई ग्वाड बोलता, सर. आमची मनकर्णा बी हेच करती. बोलत न्हाई निस्ती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कोणासाठी होत्या याचा मी उगाच शोध घेतला नाही. येताना जोशात मी जाहीरही करून टाकलं की निवडून आलो तर पाण्याची नवी लाइन आधी वस्तीला जाईल, मग ख्रिस्तवाडीला. पुस्तकाप्रमाणे हे अगदी बरोबर होतं. कालवा ओलांडून घरी पोचेपर्यंत ते ख्रिस्तवाडीला कळलं होतं. आपला माणूस म्हणून ज्यांनी मला उभं केलं ते आता, हा नेमका कुणाचा माणूस, असं एकमेकांना विचारू लागले.

आता मेणबत्त्यांचं ऐक. आपल्या भागात मतं पक्की करायला भंडारा उचलायला लावतात, हे तुला ठाऊक आहे. हळद हातात घेऊन दिलेला शब्द माणूस मोडत नाही. पण ख्रिस्तवाडीत भंडारा चालत नाही, त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत आपल्या लोकांचा भरवसा धरता येत नाही अशी गावाची जुनी तक्रार आहे. या वेळी मनकर्णाबाईंच्या पॅनेलचा पुढारी अंगद यानं डोकं चालवलं. मतमाउलीच्या यात्रेत आपले लोक पवित्र मातेपुढे मेणबत्ती लावून नवस बोलतात, हे त्यानं कधीतरी पाहून ठेवलं होतं. तो लांबलांब मेणबत्त्यांची खोकी घेऊन वाडीत आला. देवळामागच्या माउलीच्या गुहेपुढे त्यानं घराघरातल्या कर्त्यांना उभं केलं, चप्पल काढून स्वतःही उभा राहिला, आणि मेणबत्ती पेटवून कपबशीचा शब्द घेतला. आपली माणसं भिडस्त. त्यात मेणबत्ती चांगली जाड होती.

मी पेटलो. त्या शुक्रवारी मी जे बोललो तसं आयुष्यात कधी बोललो नसेन. मी म्हणालो, माणसाचा सद्सद्विवेक ही त्याच्या आतली गाभाऱ्याची खोली आहे. तिथे तो आणि देव, दोघेच असतात. तिथे पुढारी जात नाही, नातेवाईक जात नाही, बायकोच्या खोलीत नवराही जात नाही. मत तिथूनच दिलं पाहिजे. भीड घालून घेतलेला शब्द बांधत नाही. मत गुप्त असतं ते कायद्यानं म्हणून नाही, तर माणसाची प्रतिष्ठा म्हणून. लोक अक्षरशः सुटल्यासारखे झाले. बायकांचे डोळे पाणावले. सायमनबाबा जागे होते. प्रश्न एकच आला, उरलेल्या मेणबत्त्यांचं काय करायचं. माउलीपुढे लावलेल्या, फेकता येत नाहीत. मी म्हणालो, वीज गेल्यावर लावा. तेव्हापासून वीज गेली की आख्खी वाडी अंगदच्या उजेडात बसते.

मनकर्णाबाईंना हे कळलं तेव्हा त्या थेट आपल्या ओट्यावर आल्या. माझ्याशी नाही, सत्यशीलेशी बोलल्या. "बाई, म्या न्हाई वाटल्या त्या मेणबत्त्या. मला इचारलं बी न्हाई कुनी. अंगदला म्या लई झापलं. मत द्या, नगा देऊ, पन देवाला मधी नगा घेऊ." मग दोघी आत जाऊन गटाच्या हिशोबाला बसल्या. माझ्या विरोधी उमेदवारानं माझ्याच स्वयंपाकघरात चहा घेतला. कपबशीतून.

यानंतर जे घडलं ते मी तुला सरळ सांगतो. ते मी केलं. मला भीती वाटू लागली. लोक अंगदच्या शब्दातून मोकळे झाले, हे ठीक. पण मोकळे होऊन जाणार कुठे? इतक्या मोकळ्या माणसांचा काही नेम नसतो. आईची जपमाळ खिळ्यावर लटकत होती. तीच, जर्मन फादरांनी दिलेली लाकडी, जिचा एक मणी हरवल्यावर आईनं चिंचोका भोक पाडून ओवला होता. वाडीत कुणीही आजारी पडलं की आई ती घेऊन उशाशी बसायची, त्यामुळे वाडीतल्या प्रत्येक घराला ती माळ आपलीच वाटते. मी ती खिशात घातली आणि घरोघर निघालो. प्रत्येक घरी मी एक छोटीशी प्रार्थना सांगितली. शांततेसाठी, पावसासाठी, गावाच्या भल्यासाठी. घरच्यांनी माळेवर हात ठेवला. शेवटच्या वाक्यात फक्त माझं नाव आणि चिन्ह होतं.

सायमनबाबांनी हात ठेवण्याआधी विचारलं, "सर, ही शपथ न्हाई ना?"

"छे, बाबा. सामुदायिक प्रार्थना."

"मंग मिरचीचं नाव कशाला घेतलं?"

मी म्हणालो, ते ओघात आलं.

अशी सगळी वाडी बांधून मी घरी आलो आणि तुझ्या वहिनीपुढे माळ धरली. खरं तर गंमत म्हणून. ती चपात्या लाटत होती. तिनं माळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी नाही ठेवणार हात."

"अगं, प्रार्थना आहे."

"असू दे. मत गुप्त असतं, असं तुम्हीच शिकवलंत. बायकोच्या खोलीत नवराही जात नाही, म्हणालात. मी पुढच्याच ओळीत होते."

आणि तिनं चपाती उलटली.

शिल्या, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. वॉर्ड गेला तरी चालेल. कालव्यापलीकडची मतं मनकर्णाबाईंची आहेत, ख्रिस्तवाडीची पाण्याच्या लाइनीवरून फाटली आहेत, हे सगळं मला दिसतं. मला फक्त एवढंच कळायला हवं आहे की माझी बायको मला मत देणार की नाही. आणि हे विचारायचा एकही मार्ग मी स्वतःला शिल्लक ठेवलेला नाही. सरळ विचारावं तर माझं शुक्रवारचं भाषण मध्ये येतं. आडून विचारावं तर ती हसते. सोमवारी तिनं ढोबळी मिरचीची पीठ पेरून भाजी केली. मी मनात म्हटलं, जिंकलो. मंगळवारी पुन्हा तीच केली. बुधवारी मिरच्या बारीक चिरल्या, आणि चिरताना ती गुणगुणत होती. याचा अर्थ तू काढ. रोज सकाळी ती चहा आणून ठेवते आणि मी चहा निवेपर्यंत कपबशीकडे पाहत बसतो. एकदा धीर करून पेला मागितला. ती म्हणाली, "का? कपबशीनं काय केलंय?" जन्मभर मुलांना ओळींच्या मधला अर्थ काढायला शिकवला, आणि आता घरातल्या एका बाईच्या चेहऱ्यावरची एक ओळ मला लागत नाही.

असो. हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट मनोमन पटली आहे की दुसऱ्याच्या मताचा माग काढणं ही त्याच्या प्रतिष्ठेवर केलेली चढाई आहे, मग तो दुसरा आपल्या घरचा का असेना. पुस्तकातली ही शिकवण माझ्यात आता पुरती मुरली आहे. तेव्हा काळजी नसावी. तू धर्मगुरू आहेस. निवडणुकीपासून तू चार हात लांबच राहावंस, हेच योग्य आणि हेच ख्रिस्तसभेला मान्य. तुझ्या मिस्सेत माझ्यासाठी एक विनंती कर, नाव न घेता. मलम दोनदा लाव.

तुझा थोरला भाऊ (आणि मिस्सेत तुझं लेकरू),
आंतोन

ता. क. शनिवारी येशील तेव्हा पांढरा झगा घालूनच ये. गाडीतून उतरून घरापर्यंत चालत आलास तर गुडघ्यालाही बरं. मारुतीच्या पारावरून वळसा पडतो, पण रस्ता चांगला आहे आणि त्या वेळी तिथे बरीच माणसं बसलेली असतात. बोलायचं काहीच नाही. रविवारी लोक मिस्सेहून थेट मतदानालाच जातील, तेव्हा प्रवचनात सद्सद्विवेकाचा विषय शक्यतो टाळ. तो मी पुरेसा घेतला आहे. थोरल्या भावंडांविषयीच्या आदरावर बोललास तर ते केव्हाही चांगलंच.

ता. क. २. आता मुख्य. तू आलास की सत्यशीला तुझ्याकडेच पापनिवेदन करते, हे मला माहीत आहे. तिथे जे बोललं जातं ते फोडता येत नाही, हेही मला माहीत आहे, तेव्हा रागावू नकोस, आधी पूर्ण वाच. मी तुला काहीही सांगायला सांगत नाही. एक शब्दही नको. नवऱ्याला मत न देणं हे पाप नाही, पण ती हळवी आहे, तिच्या बोलण्यात ते येईलच. तू फक्त नंतर घरी चहाला ये. तिचं मत मला असेल तर चहा पेल्यातून माग. मनकर्णाबाईंना असेल तर समोर येईल ती कपबशी घे आणि गप्प पी. माणूस चहा कशातून पितो यावर कोणत्याही धर्मसभेनं बंदी घातलेली नाही. मी तपासलं आहे.

ता. क. ३. शुक्रवार सकाळ. जीप निघायच्या आत हे घाईनं लिहितो. आज जपासाठी सत्यशीलेनं माळ शोधली. ती माझ्या सदऱ्याच्या खिशात सापडली, प्रचाराच्या कागदांत गुंतलेली, आणि चिंचोक्याच्या मण्याला मिरचीचा हिरवा रंग लागलेला. ती ओल्या फडक्यानं एकेक मणी पुसत बसली. आईही अशीच पुसायची, कुणाच्या तरी उशाशी बसून आल्यावर. मला तिथे थांबवेना. मी पायात चप्पल अडकवली आणि घरोघर जाऊन सांगून आलो की त्या दिवशीची प्रार्थना ही शपथच होती, ती माझी चूक, आणि ती कुणालाही बांधत नाही. मला वाटलं होतं लोकांना समजवायला वेळ लागेल. कुणालाही वेळ लागला नाही. सायमनबाबा तर म्हणाले, "बरं झालं सर, म्हंजी आता मोकळं," आणि इतके मनापासून म्हणाले की मी निवडणुकीत तिथेच पडलो असं समज.

परत आलो तेव्हा माळ खिळ्यावर होती. वहिनी म्हणाली, "आता रविवारी शांतपणे मत देता येईल." कुणाला, ते मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं. नाही विचारलं. सार्वजनिक जीवनात माझ्या हातून झालेलं हे एवढं एकच काम पुस्तकाप्रमाणे झालं आहे, त्याची तू तरी नोंद घे. तेव्हा ता. क. २ रद्द समज.

तसंही ते रद्दच आहे. हे पाकीट काल मी डिंकानं चिकटवलं होतं. आत्ता उघडायला घेतलं तर ते भाताच्या शितांनी चिकटवलेलं निघालं. आणि वहिनीचा निरोप आहे की घरातले सगळे पेले बचतगटाच्या बैठकीला गेलेत, मतदान झाल्यावरच परत येतील; फादर भावजींना चहा कपबशीतूनच घ्यावा लागेल.

तरी ये.